कथेतला अत्याचार लिहिताना या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात दिवाळी अंकांसाठी आणि एकांकिका स्पर्धांसाठी लिहिणारे भरपूर आहेत. लैंगिक अत्याचाराचा विषय त्यांच्या लेखनात वरचेवर येतो आणि बहुतेकदा एकाच साच्यातून येतो: मुलीवर अत्याचार होतो, पुढच्या प्रसंगात ती विहीर जवळ करते, मग उरतो भावाचा सूड. तिला असं मारून टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिला त्याच पाणंदीतून एसटीला जायचं असतं. खरी कथा तिथून सुरू होते.

पुरुषावरचा प्रसंग विनोदात काढणं मला त्याहून जास्त खटकतं. दशावतारात स्त्रीपार्टी करणाऱ्या नटाच्या अंगाला रंगपटात कुणी झोंबतं आणि लेखक तिथे हशा घेतो. ट्रॉलरवरचा विशीतला खलाशी घ्या. रात्री तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, त्याच्या अंगाला झोंबतो. उचल आधीच घेतलेली, चारी बाजूंना पाणी, जाणार कुठे? त्याच्या तोंडी मोठं भाषण नको. तो केबिनीत झोपायचं सोडतो, ओल्या जाळ्यांवर पडून राहतो. बंदराला लागल्यावर घरी फोन करतो आणि एवढंच विचारतो, ‘आये, बांगडे धाडू?’

या खलाशाला पोलीस ठाण्यात नेलंत तर कायदा नीट पाहा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये बलात्कार म्हणजे पुरुषाने स्त्रीवर केलेला गुन्हा, एवढंच आहे. अशा तक्रारीला पूर्वी आधार असलेलं जुन्या दंड संहितेचं कलम 377 नव्या संहितेत घेतलेलंच नाही. म्हणजे त्याची तक्रार बलात्कार म्हणून नोंदवलीच जात नाही. ही कोंडीच एका अंकाला पुरेल. वय अठराच्या आत असेल तर मात्र 2012 चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. तो मुलगा-मुलगी भेद करत नाही आणि आरोपी बाई असली तरी सोडत नाही. म्हणून शाळकरी पोराला शेजारच्या वहिनीने ‘शहाणं केलं’ हा प्रसंग नशीब उघडल्यासारखा रंगवू नका.

फाटलेले कपडे, ओरखडे, किंकाळी हवीच, हाही हट्ट सोडा. भीतीने माणूस जागच्या जागी गोठतो, बाई असो की बाप्या. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, त्यात अंगावर जखमा नाहीत हेही धरलं गेलं. त्यावर देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आता तर प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. आपल्या एकांकिका अजून ओरखडे मोजतात.

प्रेमकथेत तिचे तीन नकार आणि चौथ्यांदा हसू, किंवा दारू प्यायलेल्या नायकावर नायिकेची जबरदस्ती, दोन्ही सारखंच वाईट. विचारल्याने रस जातो, हे मला मान्य नाही. शिमग्याच्या रात्री तो म्हणतो, ‘हात धरू?’ ती म्हणते, ‘आत्ता नको, आत्या बघतायत. साकवापलीकडे.’ यात काय कमी आहे?

शेवटचं, ‘सत्य घटनेवर आधारित’ लिहिण्याआधी थांबा. पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे आणि आपल्या वाडीत नाव बदलून भागत नाही. देवळामागचं घर, मुंबईला असलेला भाऊ एवढ्यावर सगळे ओळखतात. गाव, घर, धंदा, साल, सगळं बदला आणि ती ओळ काढून टाका.