रामेन खायला निघण्याआधी: हजाराच्या नोटा, हजाराच्या नोटा

पासपोर्ट, फोन, पॉवर बँक हे तुमचं तुम्ही बघा. इथे पहिली गोष्ट म्हणजे १,००० येनच्या नोटा, माणशी निदान दोन. मागच्या खेपेला नेमक्या ह्याच राहिल्या. म्हणून हे तीन-चारदा येणार आहे, कंटाळलात तरी वाचा.

जपानमधल्या बऱ्याच साध्या रामेन दुकानांत ऑर्डर माणूस घेत नाही, मशीन घेतं. त्याला केनबाइकी म्हणतात. ते दारात नाहीतर दाराला लागून असतं. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर येते आणि ती काउंटरवर ठेवायची. जुन्या मशीनला फक्त हजाराची नोट आणि नाणी चालतात. पाच हजार, दहा हजार ते बाहेर ढकलतं. परदेशातून जाणाऱ्याच्या खिशात बहुधा दहा हजारांच्याच नोटा असतात, कारण फॉरेक्सवाले आणि एटीएम त्याच हातात ठेवतात. आत जाऊन सुट्टे मागता येतात, पण दुपारी साडेबाराला एकटा माणूस मांडणीपासून नूडल्स झटकण्यापर्यंत सगळं करत असताना त्याला थांबवायचं, आणि मागे रांग. नकोच.

त्यात आणखी एक मेख आहे. ३ जुलै २०२४ पासून नव्या नोटा आल्या. हजाराच्या नोटेवर शास्त्रज्ञ नोगुचींच्या चित्राच्या जागी शास्त्रज्ञ कितासातोंचं चित्र आलं. मशीन बदलायला खर्च येतो, त्यामुळे छोट्या दुकानांपैकी काहींची मशीन नवी नोट ओळखत नाहीत. २०२१ च्या नव्या ५०० येनच्या नाण्याचंही तेच. म्हणून जुन्या हजाराच्या नोटा हाताला लागल्या तर वेगळ्या ठेवा, त्या अजून चलनात आहेत. चुरगळलेली नोट मशीन घेत नाही, घडी घालू नका. नवीन टचस्क्रीन मशीनवर कार्ड किंवा सुइका (पैसे भरून वापरायचं रेल्वेचं कार्ड) चालतं, पण पुढचं दुकान कुठल्या पिढीतलं निघेल सांगता येत नाही.

सुट्टे करायची सोपी जागा म्हणजे स्टेशन. सुइका भरायच्या मशीनमध्ये दहा हजार घाला, फक्त एक हजार भरा, उरलेले परत मिळतात. नाहीतर कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, ओनिगिरी (भाताचा गोळा) घ्या. हे आदल्या रात्री करा, दुकानासमोर पोहोचल्यावर नाही.

आता शाकाहाराचं. मिसो म्हणजे सोयाबीन, म्हणून मिसो रामेन शाकाहारी, असं समजून बरेच जण फसतात. शोयु, शिओ, मिसो ही वाडग्याच्या तळाशी घालायच्या मसाल्याची, म्हणजे ‘तारे’ची नावं आहेत. त्यावर ओततात तो रस्सा डुकराच्या हाडांचा, कोंबडीचा किंवा सुकवलेल्या माशांचा असतो. तोनकोत्सु हे मात्र रस्स्याचंच नाव: तोन म्हणजे डुक्कर, कोत्सु म्हणजे हाड. ‘यासाई रामेन’मध्ये भाज्या भरपूर असतात, रस्सा तोच. ‘निकु नाशी’ म्हटलं तर वरचे चाशूचे, म्हणजे शिजवलेल्या मांसाचे, काप निघतात, बाकी काही निघत नाही. तेव्हा शाकाहारी मंडळींनी ऐनवेळी विचारत बसू नये, आधीच ठरवून व्हेगन दुकानात जावं. तोक्यो स्टेशनातलं टीज तानतान त्यासाठी चांगलं आहे, पण ते तिकीट-फाटकाच्या आत आहे. कोंबडी चालते पण डुक्कर नको, अशांनी तोरी पाइतान, म्हणजे कोंबडीच्या दाट रस्स्याची रामेन, शोधावं आणि तरीही चाशू कशाचा आहे ते विचारावं. ‘बुता’ म्हणजे डुक्कर, हा शब्द पाठ करा.

मशीनवर बटणं तीस-चाळीस आणि सगळी जपानीत. फोनमध्ये कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप आधीच उतरवून ठेवा. तरी कळेना, तर वरचं डावीकडचं बटण दाबा, दुकानाची मुख्य रामेन बहुतेक वेळा तिथेच असते. हावरट बुद्धीने सगळे टॉपिंग दाबू नका. आजितामा, म्हणजे मुरवलेलं अर्धकच्चं अंडं, एवढं पुरे. सुटे पैसे आपोआप पडतीलच असं नाही, काही मशीनवर खटका फिरवावा लागतो. तो न फिरवता निघून जाऊ नका. दोघांत एक वाडगा ही आपली सवय तिथे चालत नाही: माणशी एक, म्हणजे माणशी नोटा. परत सांगतेय, हजाराच्या.

हाकाता (फुकुओका शहराचा भाग) पद्धतीच्या दुकानात नूडल्स किती कडक हे विचारतात. ‘फुत्सु’ म्हणजे नेहमीच्या, ‘कातामे’ म्हणजे कडक. नूडल्स बारीक असतात आणि गरम रस्स्यात पटकन मऊ पडतात, म्हणून वाढप लहान ठेवतात आणि जास्तीचा गोळा, कायेदामा, नंतर मागवतात. त्याआधी रस्सा पिऊन संपवू नका, नाहीतर नूडल्स कशात घालणार? कायेदामाचे पैसे पुष्कळदा काउंटरवरच नाण्यांत द्यायचे असतात, १०० येनची नाणी जवळ असू द्या. जिरो पद्धतीच्या, म्हणजे ढीगभर वाढणाऱ्या, दुकानात पहिल्याच दिवशी शिरू नका, तिथली ‘लहान’सुद्धा दोन माणसांची असते.

वेळ: दुपारी अकरा ते दोन-अडीच, मग बऱ्याच ठिकाणी पाच-सहापर्यंत बंद. रस्सा संपला की दुकान संपलं, पाटीवरची वेळ काहीही असो. चौघं एकत्र बसायचा हट्ट धरू नका, आठ-दहा खुर्च्यांच्या काउंटरवर तुटक जागा मिळते. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा. पांढरा शर्ट नको. केस बांधायला रबर, नाक पुसायला रुमाल, पण नाक शिंकरायचं ते बाहेर जाऊन.

पाणी स्वतः घ्यायचं. फुरके मारले तरी चालतात. गप्पा नकोत, पंधरा-वीस मिनिटांत उठा. वाडगा वरच्या फळीवर ठेवा, समोरची जागा पुसा, ‘गोचिसोसामा’ (जेवणाबद्दल आभार) म्हणा. टिप नाही, उरलेलं बांधून नाही. आणि परत आलेल्या सुट्ट्यांतल्या हजाराच्या नोटा संध्याकाळी कोन्बिनीत उडवू नका, उद्याच्या दुकानातलं मशीनही जुनंच निघायचं.