आई-बाबांना व्यायाम झेपतोय का, घरीच बघा
आई-बाबांना फिरायला नेता ना, मग चालताना त्यांच्याशी गप्पा मारत रहा, पूर्ण वाक्य सलग बोलता आलं तर वेग ठीक आहे, दोन शब्दांनंतर धाप लागली तर लगेच हळू करा. नुसत्या नाडीवर जाऊ नका, बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर दम लागूनही ठोके फारसे वाढत नाहीत, हे खरंच लक्षात ठेवा.

आणखी एक, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात छातीशी धरून 30 सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा (तुम्ही शेजारीच थांबा हं). 70 ते 74 वयात पुरुषांचे 12 पेक्षा आणि बायकांचे 10 पेक्षा कमी भरले तर पाय कमजोर झालेत, पडायची भीती जास्त. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना गाठा.