सातारकर जोडप्यासाठी रूट ६६ची तयारी

अमेरिकेत शिकागोपासून सांता मोनिकापर्यंत आठ राज्यांतून जाणारा रूट ६६ सुमारे ३,९०० किलोमीटरचा आहे. १९२६ साली सुरू झालेला हा महामार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून वगळला गेल्यामुळे मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला हटकून नव्या इंटरस्टेटवर, म्हणजे राज्यांना जोडणाऱ्या द्रुतगती महामार्गावर, नेऊन सोडतो. म्हणून जुन्या रस्त्याचा छापील नकाशा घ्यावा आणि एकाने गाडी चालवताना दुसऱ्याने तो मांडीवर उघडा ठेवावा.

साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयातून दोघांनीही आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा; मूळ परवाना सोबत लागतोच. भाड्याच्या गाडीच्या करारात दोघांची नावे घालावीत आणि गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचे जादा शुल्क आधीच विचारावे, कारण ते चांगलेच भारी पडू शकते. तिकडे वाहतूक उजव्या बाजूने चालते. डावीकडे वळताना आपली सवय हमखास दगा देते, तेव्हा शेजारच्याने मोठ्याने आठवण करावी आणि चालवणाऱ्याने त्यावरून रुसू नये.

कॅन्ससमधला भाग जेमतेम २१ किलोमीटरचा आहे. खरा वेळ ॲरिझोनासाठी राखावा. सेलिगमन ते किंगमन जुना रस्ता सलग मिळतो. पुढे ओटमन गावाकडे उतरणारी अरुंद वळणे यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्यांना अगदीच नवखी वाटणार नाहीत, तरी गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवावी. ओटमनमध्ये खाणकामगारांनी सोडलेल्या गाढवांचे वंशज भररस्त्यात उभे राहतात आणि उघड्या काचेतून थेट तोंड आत घालतात. पुढचे मोहावी वाळवंट भर उन्हाळ्यात टाळावे, आणि टाकी अर्धी होताच पेट्रोल भरावे.