तोफ तोलायची तर रेंज शेवटी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घराघरात फौजी, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, त्यामुळं कट्ट्यावर तोफांचा विषय निघतोच आणि मग सगळे रेंजवरनं भांडत बसतात. हॉवित्झरची, म्हंजे गोळा उंच कमानीत टाकणाऱ्या तोफेची, तुलना करताना पयला प्रश्न विचारा, ती न्यायची कुठं हाय?

डोंगरात न्यायची असली तर वजन बघा. एम-७७७ ही ओढायची तोफ टायटॅनियममुळं सव्वाचार टनांच्या आसपास, चिनूक हेलिकॉप्टर तिला खाली लटकवून नेतंय, पण बॅरल ३९ कॅलिबरची. म्हंजे नळीचं तोंड १५५ मिमी, त्याला गुणिले ३९, लांबी साधारण ६ मीटर. ५२ कॅलिबर केली की ८ मीटर होते, गोळ्याला गॅसचा रेटा जास्त वेळ मिळतो, रेंज वाढते, पण हादरा पण वाढतो आणि तो सोसायला गाडा जड करावाच लागतो. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेच्या एटॅग्स तोफेनं ४८ किमी गाठलं ते भारीच, पण वजन १८ टनांच्या घरात हाय.

नंतर बघा, मारून किती लवकर हलता येतंय. शत्रूचं रडार गोळ्याच्या वाटेवरनं तोफेची जागा काढतंय, म्हणून ओढायच्या तोफेला धोका जास्त. ट्रकवरची तोफ रस्त्यानं झटक्यात निघून जाते, स्वस्त पण पडते, पण अथणीकडच्या काळ्या रानात पावसात उसाची ट्रॉली रुतती तशी ती रुतणार, आणि पोरं उघड्यावर. के-९ वज्र या स्वतः चालणाऱ्या तोफेला रणगाड्यासारखे ट्रॅक हायत, पोरं चिलखताआड, पण वजन ५० टनांच्या जवळ, मग प्रत्येक पूल तपासावा लागतोय.

जुनं सगळंच टाकायला पायजे असं पण नाही. १३० मिमीच्या जुन्या तोफेला १५५ मिमी, ४५ कॅलिबरची बॅरल बसवून शारंग केली, बोफोर्सच्या डिझाइनवरनं धनुष झाली. माझं मत विचाराल तर पैसा कमी असला की आधी तोफेला स्वतःची जागा आणि दिशा सांगणारी नेव्हिगेशन सिस्टीम आणि नेमाचं गणित करणारा फायर कंट्रोल कॉम्प्युटर बसवा. नेम चुकत असंल तर लांब बॅरल घेऊन काय करायचं?

बॅरल झिजती, दणकट चार्ज, म्हंजे गोळा ढकलणारी दारू जास्त, वापरला की लवकरच झिजती, म्हणून सुट्ट्या बॅरल कोण बनवणार, कुठल्या स्टीलच्या, हे खरेदीआधी विचारा, उद्यमबागेत फौंड्रीत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. थंडीचं पण विचारा. वज्र घेतली वाळवंटासाठी, २०२१ ला गेली पूर्व लडाखला, तिथं बॅटरी आणि तेलाची वेगळी सोय करावी लागली.