‘गोळी घेतलीस का?’ हे विचारणं मी सोडलं

माझ्या धाकट्या भावाला फिट्स येतात. बरीच वर्षं घरात सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न असायचा, ‘गोळी घेतलीस का?’ आणि ठरलेलं उत्तर, ‘घेतली गं ताई.’ एका गुरुवारी असंच उत्तर देऊन तो आंघोळीला गेला आणि आतच कोसळला. हनुवटीला टाके पडले. रात्री स्ट्रिप मोजली तर तीन गोळ्या जास्त निघाल्या. खोटं तो बोलला नव्हता, त्याला खरंच घेतल्यासारखं वाटत होतं. एकच काम रोज केलं की कालचं आणि आजचं डोक्यात एक होऊन जातं.

तेव्हा १४ खणांचा डबा आणला. दिवसाला दोन वेळा, आठवड्याचे चौदा खण. रविवारी रात्री डबा तोच भरतो. मी शेजारी बसते, पण गोळ्यांना हात लावत नाही. औषध त्याचं आहे, माझं नाही. खण रिकामा दिसला की घेतली, भरलेला दिसला की राहिली. विचारायचं कामच उरत नाही. भरतानाच शिल्लक मोजायची आणि दहा दिवसांच्या उरल्या की नवीन आणायच्या. एक सांभाळा: व्हॅल्प्रोएट या फिट्सवरच्या दुसऱ्या एका औषधाच्या काही गोळ्या हवेतल्या ओलाव्याने खराब होतात, त्या फॉइलसकट कापून खणात ठेवा. तुमच्या गोळीचं काय, ते केमिस्टला विचारा.

मोबाइलचा अलार्म लावला, तर पठ्ठ्या बुटाची नाडी बांधता बांधता तो बंद करायचा आणि विसरायचा. आता फोन चार्जिंगला डब्याशेजारीच असतो. आधी खण उघडायचा, मग अलार्म बंद. सकाळची गोळी दात घासण्याला जोडली, ती फारशी चुकत नाही.

वेळेचा एवढा आग्रह का, हे त्याला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. तो घेतो ती लेव्हेटिरासिटाम मोठ्या माणसाच्या रक्तात साधारण ६ ते ८ तासांत निम्म्यावर येते. म्हणून १२ तासांनी पुढची. माझ्या दहा वर्षांच्या कटकटीपेक्षा हे एक वाक्य जास्त उपयोगी पडलं.

तरीही संध्याकाळचे खण अधूनमधून भरलेलेच दिसायचे. रागावले नाही, एवढंच विचारलं, ‘ही घेतल्यावर काय होतं रे?’ म्हणाला, ‘डोकं भणभणतं, सगळ्यांवर खेकसावंसं वाटतं.’ चिडचिड हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पुढच्या भेटीत त्याने स्वतः सांगितलं, डॉक्टरांनी औषधात बदल केला आणि संध्याकाळचे खण रिकामे व्हायला लागले. गोळी टाळली जात असेल तर आधी हे विचारा. झोप, वजन, केस गळणं, मूल हवं असणं, काहीही कारण असू शकतं. मूल होऊ शकणाऱ्या मुलीने व्हॅल्प्रोएटबद्दल गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. मात्र परस्पर बंद करू नये. एकदम थांबवलं तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. बरीच वर्षं फिट आली नाही तरी औषध कमी करायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू.

डोस चुकला तर काय, हे आधीच लिहून घ्या. आमच्या डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे: किती तासांपर्यंत घ्यायची, केव्हा सोडून द्यायची, आणि खाली ठळक अक्षरांत ‘दोन एकदम नाही’. प्रत्येक औषधाचा नियम वेगळा, त्यामुळे आमची चिठ्ठी तुम्हाला चालणार नाही. लॅमोट्रिजिन (हेही फिट्सवरचंच औषध) सलग काही दिवस घ्यायची राहिली तर पूर्ण डोसने पुन्हा सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं.

गोळीचा रंग किंवा कंपनी बदलली तर घेण्याआधी विचारा. सावकाश विरघळणारी गोळी कुटू नका. प्रवासात औषध हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

आणि फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटं झाली आणि थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

परवा रविवारी मी बाहेर होते. रात्री त्याचा फोटो आला: चौदा खण भरलेले, खाली लिहिलं होतं, ‘विचारू नकोस.’