अंगणातील गुलाब: जातीची निवड आणि छाटणी

गुलाब निवडताना रंगाआधी जागा पाहावी. दिवसाकाठी किमान 6 तास ऊन मिळत नसेल, तर कोणतीही जात घेतली तरी फांद्याच वाढतात आणि फुले मोजकीच येतात. एका दांड्यावर एकच टपोरे फूल हवे असल्यास ‘ग्लॅडिएटर’सारखा हायब्रीड टी घ्यावा, मात्र कुंडीत सतत झुपके हवे असतील, तर फ्लोरिबंडा गटातील पांढरा ‘आइसबर्ग’ अधिक समाधान देतो. गुलकंदासाठी यांपैकी काहीच नको, सुवासिक देशी गुलाबच हवा.

रोपवाटिकेतील बहुतेक रोपे रानगुलाबाच्या खुंटावर (मुळांसकटच्या बुंध्यावर) हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फुटीची कळी, भरून केलेली असतात, म्हणून खरेदीच्या वेळी फुलाऐवजी तो जोड निरखावा. लावताना जोड मातीच्या वर ठेवावा आणि त्याखालून फुटणारे जोमदार फुटवे, कितीही हिरवेगार दिसले तरी, मुळाशीच काढावेत. दया दाखवली तर वर्षभरात खुंटच झाड बळकावतो.

महाराष्ट्रात मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये करतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, धारदार कात्रीने तिरका काप घ्यावा. कापाच्या मध्यभागी गर तपकिरी दिसला, तर पांढरा गर लागेपर्यंत खाली कापत जावे आणि कापांवर लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. साधारण दीड-दोन महिन्यांत पहिला बहर येतो. पाणी मुळाशी द्यावे. पाने रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके पडतात.