संगणक सुरू होताच न बोलावता चालू होणारे प्रोग्रॅम कसे थांबवावेत

विंडोजच्या संगणकावर पासवर्ड टाकून झाला, पडद्यावर सगळी चिन्हेही दिसू लागली, तरी ब्राउझर उघडायला दोन-तीन मिनिटे लागत असतील, तर दोष यंत्राचाच असतो असे नाही. त्या वेळात गाणी ऐकवणारे, ऑनलाइन बैठका घेणारे, खेळ पुरवणारे आणि प्रिंटरवर देखरेख ठेवणारे प्रोग्रॅम एकाच वेळी जागे होत असतात. सॉफ्टवेअर बसवताना ‘संगणकाबरोबर सुरू करा’ या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते, आपण न वाचता पुढे जातो आणि नोंद कायमची होते. खाली दिलेली पद्धत विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्यासाठी आहे.

एक फरक आधी लक्षात ठेवावा. प्रोग्रॅम आपोआप सुरू होणे बंद करणे म्हणजे तो संगणकावरून काढून टाकणे नव्हे. बंद केलेला प्रोग्रॅम स्टार्ट मेनूतून हवा तेव्हा उघडता येतो, त्यामुळे या कामात चूक झाली तरी ती बहुतेक वेळा एका क्लिकमध्ये दुरुस्त होते. सर्व्हिसेसच्या, म्हणजे खिडकी न उघडता पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत मात्र हे तितकेसे खरे नाही; त्याबद्दल पुढे येईलच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ११ मध्ये डावीकडच्या पट्टीत ‘स्टार्टअप ॲप्स’ हे पान मिळते, तर विंडोज १० मध्ये वरच्या ओळीत ‘स्टार्टअप’ हा टॅब असतो; खिडकी छोटी उघडली असेल तर आधी खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करावे. यादीत प्रोग्रॅमचे नाव, तो बनवणारी कंपनी, सध्याची स्थिती आणि सुरुवातीवर होणारा परिणाम असे रकाने दिसतात. नको असलेल्या नावावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ निवडले की पुढच्या वेळी तो प्रोग्रॅम आपोआप उघडत नाही. हीच यादी सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि त्याखालच्या ‘स्टार्टअप’ येथेही आहे. तेथे केवळ खटके असल्यामुळे घरातील ज्येष्ठांना ती अधिक सोपी वाटते, परंतु माहिती टास्क मॅनेजरमध्येच जास्त मिळते.

परिणामाच्या रकान्यात ‘हाय’ दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा अधिक वेळ घेणाऱ्या किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा अधिक वाचन-लेखन करणाऱ्या प्रोग्रॅमला विंडोज हा शिक्का मारते, आणि मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही ३ एमबीहून मोठा असतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर अशा नोंदींचा भार खरोखर जाणवतो. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असलेल्या यंत्रावर तितका जाणवत नाही. शिवाय सुरू झाल्यानंतर दिवसभर प्रोग्रॅम किती मेमरी अडवून बसतो, हे या रकान्यातून कळत नाही. म्हणूनच शिक्क्यापेक्षा ‘संगणक उघडल्याबरोबर मला हा प्रोग्रॅम लागतो का’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो. महिन्यातून एकदा बैठकीसाठी लागणारे सॉफ्टवेअर रोज सकाळी जागे ठेवण्यात काही अर्थ नाही.

अनोळखी नाव दिसल्यास त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, यावरून तिच्या मालकाचा अंदाज येतो. काही वेळा यादीत नुसतेच ‘प्रोग्रॅम’ असे नाव कोऱ्या चिन्हासह दिसते. अशा वेळी रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना सुरू करावा, म्हणजे त्या नोंदीचा पूर्ण पत्ता वाचता येतो. पुष्कळदा ती पूर्वीच काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची मागे राहिलेली नोंद असते.

काही नोंदींना हात न लावणे हिताचे आहे. विंडोज सिक्युरिटीचे चिन्ह, लॅपटॉपच्या टचपॅडचा प्रोग्रॅम आणि आवाजाशी संबंधित नोंदी आहेत तशा ठेवाव्यात. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह यांवर कागदपत्रांची प्रत आपोआप जात असेल, तर तो प्रोग्रॅम बंद केल्यावर ती प्रत जाणेही थांबते आणि संगणक बिघडेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठी टंकलेखनासाठी वेगळे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्याचीही नोंद तपासून मगच निर्णय घ्यावा. विंडोजमधलाच इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक मराठी कीबोर्ड वापरत असाल, तर ही काळजी करण्याचे कारण नाही, कारण तो प्रणालीचाच भाग आहे.

सगळी यादी एका बैठकीत साफ करण्याचा मोह टाळावा. दोन-तीन नोंदी बंद कराव्यात, संगणक रीस्टार्ट करावा, एखादा दिवस वापरून पाहावा आणि मग पुढे जावे. येथे ‘शट डाउन’ नव्हे, तर ‘रीस्टार्ट’च निवडावे. फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या संगणकावर शट डाउन केले, तरी विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलून आणते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते.

बंद केलेला प्रोग्रॅम काही दिवसांनी पुन्हा उगवला, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. टास्क मॅनेजर मूळ नोंद पुसत नाही. ती ‘बंद’ असल्याची खूण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, वेगळी ठेवतो. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने निराळ्या नावाने नोंद केली, तर जुनी खूण तिला लागू होत नाही. म्हणून जो प्रोग्रॅम आपण खरोखर वापरतो, त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंद करणे अधिक टिकाऊ ठरते. ब्राउझरचीही तेथेच तपासणी करावी: क्रोमच्या ‘सिस्टिम’ विभागात खिडकी बंद केल्यावरही पार्श्वभूमीला चालत राहण्याचा पर्याय असतो, तर एजमध्ये ब्राउझर आधीच पार्श्वभूमीला जागा ठेवणारा ‘स्टार्टअप बूस्ट’ असतो. माझ्याकडच्या प्रिंटरबरोबर आलेला, शाईची पातळी सांगणारा प्रोग्रॅम मी तीन वेळा बंद केला आणि तीनही वेळा तो परतला. शेवटी तो काढूनच टाकला. छपाई पूर्वीसारखीच होते.

यादीत नाव नसतानाही एखादा प्रोग्रॅम उघडत असेल, तर आधी सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’ आणि ‘साइन-इन ऑप्शन्स’ येथे जावे. मागच्या वेळी उघडी असलेली ॲप्स पुन्हा उघडण्याचा खटका तेथे असतो आणि तो चालू असेल, तर यादी कितीही साफ केली तरी उपयोग होत नाही. त्यानंतर स्टार्ट मेनूत इंग्रजीत टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारे विंडोजचे साधन) असे शोधून तो उघडावा, डावीकडच्या ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक करावे आणि ज्या कामांच्या ‘ट्रिगर्स’ रकान्यात लॉग ऑन होताना चालण्याची सूचना आहे, ती पाहावीत. ओळखीच्या सॉफ्टवेअरचे नको असलेले काम निवडून उजवीकडून ‘डिसेबल’ करता येते. तेथील ‘मायक्रोसॉफ्ट’ या फोल्डरात शिरू नये.

सर्व्हिसेस हा यातील सर्वांत नाजूक भाग. स्टार्ट मेनूत इंग्रजीत शोधून ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडावे आणि ‘सर्व्हिसेस’ टॅबवर गेल्यावर सर्वप्रथम मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवण्याच्या चौकटीत खूण करावी. उरलेल्या यादीतही अँटिव्हायरस, ग्राफिक्स आणि वाय-फाय यांच्या सर्व्हिसेस असू शकतात, म्हणून ‘डिसेबल ऑल’ हे बटण दाबू नये. माझे मत असे की, ही यादी केवळ पाहण्यासाठी वापरावी आणि प्रत्यक्ष बदल स्टार्ट मेनूतूनच उघडणाऱ्या ‘सर्व्हिसेस’ या स्वतंत्र खिडकीत करावा. तेथे नको असलेल्या सर्व्हिसवर दोनदा क्लिक करून ‘स्टार्टअप टाइप’ हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वरून ‘मॅन्युअल’वर आणावा. असे केल्याने संबंधित सॉफ्टवेअरला गरज पडेल तेव्हा ती सर्व्हिस सुरू करता येते. ‘डिसेबल्ड’ केल्यास ती वाटही बंद होते आणि सॉफ्टवेअर निराळ्याच कारणाने बिघडल्यासारखे वागू लागते.

हे सर्व एकाच ठिकाणी पाहायचे असेल, तर ऑटोरन्स हे मोफत साधन उपलब्ध आहे. ते सिसइंटर्नल्स या साधनसंचातील आहे आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतल्यापासून ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून मिळते. अन्य ठिकाणाहून ते उतरवू नये. त्यात दिसणारी यादी इतकी लांब असते की पहिल्यांदा पाहणारा गोंधळून जातो, म्हणून ‘ऑप्शन्स’मधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवाव्यात. पिवळ्या रंगाची ओळ म्हणजे ज्या नोंदीची फाइल सापडत नाही ती. नोंद बंद करण्यासाठी तिच्यापुढची खूण काढणे पुरेसे असते. ‘डिलीट’ केलेली नोंद मात्र खूण करून परत आणता येत नाही.

एखादी नोंद बंद केल्यावर काही मिनिटांतच परत येत असेल, तिच्यापुढे कंपनीचे नाव नसेल आणि फाइल तात्पुरत्या फोल्डरात असेल, तर ती बंद करण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. उघडी कामे जतन करून विंडोज सिक्युरिटीतील ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ येथे जावे, ‘स्कॅन ऑप्शन्स’ उघडावेत आणि डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, ऑफलाइन तपासणी निवडावी. संगणक स्वतः रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच ही तपासणी करतो. तिला साधारण १५ मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात लॅपटॉप चार्जरला जोडलेला ठेवावा.